व्हिटॅमिन डी३ ची गोळी, बीपीवाल्यांच्या नजरेतून: सविस्तर रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. रक्तातलं व्हिटॅमिन डी कमी आलंय म्हणून ही गोळी घेताय तर ५ पैकी ५. बीपी खाली यावं म्हणून घेताय तर ५ पैकी १. आणि डी वाढलं की बीपीची गोळी सोडता येईल या आशेवर घेताय तर प्लीज नका घेऊ, आधी हे पूर्ण वाचा.

हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीचा नाहीये. डी३ म्हणजे कोलेकॅल्सिफेरॉल, ते कुठल्याही कंपनीचं असलं तरी आतला माल तोच. मी कॅप्सूल, सॅशे आणि ड्रॉप्स अशा तिन्ही प्रकारात घेतलंय आणि त्याबद्दल पुढे लिहिलंयच. पण लिहायला बसले त्याचं खरं कारण म्हणजे या बाटल्यांखाली लोकांनी टाकलेले रिव्ह्यू. "महिनाभर घेतल्या, बीपी नॉर्मल", "डॉक्टर सांगत नाहीत पण बीपीचं मूळ डी मध्येच आहे", "आईची बीपीची गोळी बंद झाली", असं धडाधड लिहिलेलं असतं आणि त्यावर शेकडो लाइक्स असतात. लिहिणारे खोटं बोलतायत असं मला अजिबात वाटत नाही. त्यांना तसं दिसलं म्हणून त्यांनी लिहिलं. पण ते वाचून कोणी खरंच गोळी बंद केली तर? बीपी दुखत नाही, खुपत नाही, वाढलेलं कळतही नाही आणि एक दिवस थेट ब्रेन स्ट्रोक होतो, त्यामुळे या विषयात मला गप्प बसवत नाही.

माझी केस अगदी कॉमन आहे. बीपी १४० च्या वर जायला लागलं म्हणून सगळ्या तपासण्या केल्या आणि त्याच रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी पण तळाला. दोन्ही एकाच कागदावर आल्यावर कोणाच्याही मनात येणारच ना की एकामुळे दुसरं झालं असेल. डॉक्टरांना तेच विचारलं तर ते म्हणाले, "डी कमी आहे ते आपण भरून काढू, बीपी वाढलंय त्याचं आपण वेगळं बघू, या दोन फायली वेगळ्या ठेवा." तेव्हा मला ते उत्तर जरा तुटक वाटलं होतं, म्हणून घरी आल्यावर या विषयावर मिळेल ते वाचून काढलं.

आता प्रॉडक्टबद्दल. डी३ बाजारात सॉफ्टजेल कॅप्सूल, सॅशेमधली पावडर, चघळायची गोळी, ड्रॉप्स, छोट्या बाटलीतलं लिक्विड अशा बऱ्याच रूपात मिळतं. सगळ्यात आधी लेबलवरचा आकडा नीट वाचायला शिका कारण खरी गडबड तिथेच होते. काही लेबलांवर आययू (इंटरनॅशनल युनिट, डोस मोजायचं एक माप) लिहिलेलं असतं, काहींवर मायक्रोग्रॅम. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू. म्हणजे २५ मायक्रोग्रॅम लिहिलेली गोळी आणि १००० आययू लिहिलेली गोळी एकच आहे. ७० वयापर्यंतच्या मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० आययू धरतात, त्यापुढे ८००, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज घ्यायची वरची मर्यादा ४००० आययू. आणि मग ती ६०,००० ची कॅप्सूल असते. ती रोजची नाही, ती आठवड्याची! कमतरता असेल तेव्हा काही आठवडे, तेही डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. पाकिटावर हे बारीक अक्षरात असतं आणि चष्मा न लावता वाचणाऱ्या वयाच्या माणसांनीच ती जास्त घेतलेली असते, म्हणून घरात कोणी ती घेत असेल तर पाकिटावर मार्करने मोठ्या अक्षरात वार लिहून ठेवा, रविवार तर रविवार.

कॅप्सूल गिळायला सोपी, चव नाही, वास नाही. सॅशेची पावडर जरा गोड असते, दुधात टाकली की गुठळ्या होतात, नीट ढवळावी लागते. ड्रॉप्स मला फारसे आवडले नाहीत कारण थेंब मोजताना हमखास एखादा जास्त पडतो. डी फॅटमध्ये विरघळणारं व्हिटॅमिन आहे त्यामुळे रिकाम्या पोटी न घेता जेवणाबरोबर घ्यावं, थोडं तेल-तूप असलेल्या जेवणाबरोबर जास्त चांगलं शोषलं जातं. डी२ (व्हिटॅमिन डी चाच दुसरा प्रकार) पण मिळतं, पण डी३ ने रक्तातली पातळी जास्त चांगली वाढते आणि टिकते. व्हिटॅमिन के२ घातलेल्या महाग बाटल्यांवर "हार्ट सपोर्ट" लिहिलेलं असतं, बीपीच्या बाबतीत त्यावर पैसे घालवायची गरज नाही.

काम करतं का? डी वाढवायचं काम शंभर टक्के करतं. माझा पुढचा रिपोर्ट व्यवस्थित रेंजमध्ये आला, अंगदुखी पण बरीच कमी झाली. पण थोडं थांबायला लागतं, रक्तातली पातळी स्थिर व्हायला साधारण ३ महिने लागतात, त्यामुळे दर महिन्याला टेस्ट करण्यात अर्थ नाही. आणि टेस्ट करताना २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी हीच करायची. १,२५ वाली दुसरी एक टेस्ट असते, ती शरीरातल्या ॲक्टिव्ह रूपाची असते आणि डी कमी असलं तरी ती नॉर्मल दिसू शकते, कारण पॅराथायरॉइड हॉर्मोन वाढून किडनीला ते रूप जास्त बनवायला लावतं. म्हणजे चुकीची टेस्ट केली तर कमतरता लपूनच राहते.

आता बीपी. इथे जरा वेळ देऊन वाचा कारण गंमत अशी आहे की डी आणि बीपीचा संबंध जोडणारे लोक हवेत बोलत नाहीत. संबंध खरंच दिसलाय आणि एकदा नाही तर अनेकदा. २००७ मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या, वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासांतून, एक पुरुष हेल्थ प्रोफेशनल्सचा आणि एक नर्सेसचा, असं आलं की ज्यांचं डी रक्ताच्या दर मिलीलीटरमागे १५ नॅनोग्रॅमच्या खाली होतं त्यांना पुढच्या ४ वर्षांत नवीन बीपी लागायचं प्रमाण ३० च्या वर असणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होतं, पुरुषांमध्ये साधारण ६ पट, बायकांमध्ये अडीच पटीहून जास्त. आकडा वाचून कोणीही उडेल.

शिवाय त्यामागे कारणही सापडलं होतं. किडनीतून रेनिन नावाचं एन्झाइम सुटतं, त्यातून पुढे ॲन्जिओटेन्सिन तयार होतं, त्याने रक्तवाहिन्या आवळतात, शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि बीपी चढतं. २००२ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात दिसलं की ज्या उंदरांमध्ये व्हिटॅमिन डी चा रिसेप्टरच (पेशीतली डी ला पकडणारी जागा) नव्हता त्यांच्यात रेनिन खूप वाढलं आणि बीपी पण वाढलं. म्हणजे डी हे रेनिनवरचा लगाम आहे असं दिसलं. आता लक्षात घ्या, टेल्मिसार्टन, लोसार्टन या बीपीच्या गोळ्या याच साखळीवर काम करतात. मग डी दिलं की रेनिन दबणार, बीपी उतरणार, असं वाटणं साहजिकच होतं. त्याच्याही आधी १९९८ मध्ये एक छोटा प्रयोग झाला होता, थोड्याच बीपी पेशंटवर, काहींना यूव्हीबी किरण दिले (उन्हातले, कातडीत डी बनवणारे अतिनील किरण), काहींना यूव्हीए (उन्हातलेच, पण डी न बनवणारे). यूव्हीबी वाल्यांचं डी वाढलं आणि बीपी साधारण ६ पॉइंटनी उतरलं. विषुववृत्तापासून जसजसं लांब जावं तसतसं लोकांचं सरासरी बीपी वाढत जातं हेही तेव्हा माहीत होतं. सगळं एकाच दिशेने बोट दाखवत होतं, त्यामुळे डॉक्टर मंडळींनी पण हा विषय मनापासून घेतला. "डॉक्टर लपवतात" म्हणणाऱ्यांना हे मुद्दाम सांगतेय, लपवलं काहीच नाही, उलट हजारो लोकांवर तपासून बघितलं.

आणि तपासल्यावर काय निघालं ते बघा. संबंध आहे म्हणजे कारण तेच आहे असं नसतं, ते बघायला एकच रस्ता, अर्ध्या लोकांना डी द्यायचं, अर्ध्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी, कोणाला काय दिलंय ते त्यांनाही माहीत नाही आणि बीपी मोजणाऱ्यालाही नाही. ऑस्ट्रियातल्या स्टायरियन ट्रायलमध्ये असे २०० लोक घेतले, सगळ्यांना बीपी आणि सगळ्यांचं डी ३० च्या खाली, म्हणजे थोडक्यात माझ्यासारखेच. रोज २८०० आययू, ८ आठवडे, आणि बीपी पण दवाखान्यात एकदा मोजून नाही तर २४ तास मशीन लावून. २०१५ मध्ये निकाल आला, डी वाढलं, बीपीत फरक नाही. ८ आठवडे कमी आहेत असं मलाही वाटलं होतं. मग त्याच वर्षी आलेली डेलाइट नावाची अमेरिकन ट्रायल वाचली, ५३४ लोक, वय १८ ते ५०, डी कमी, बीपी वाढायला लागलेलं किंवा सुरुवातीच्या स्टेजचं आणि गोळी सुरू नसलेलं. ६ महिने एका गटाला रोज ४००० आययू, दुसऱ्याला ४००. मला या ट्रायलवर सगळ्यात जास्त आशा होती कारण तरुण माणसं, रक्तवाहिन्या अजून लवचिक, औषधांचा गोंधळ नाही. इथेही दोन्ही गटांच्या २४ तासांच्या बीपीत काही फरक नाही. ७० च्या वरच्या लोकांवर ब्रिटनमध्ये वर्षभर झालेली एक ट्रायल आहे, १५९ जण, फक्त वरचं बीपी वाढलेलं, दर ३ महिन्यांनी १ लाख आययू, तिथेही तेच.

शेवटी २०१५ मध्येच अशा ४६ ट्रायल एकत्र करून बघितल्या, साडेचार हजारांहून जास्त लोक. वरच्या बीपीत सरासरी फरक ०.०, खालच्यात ०.१ पॉइंट. मी तो आकडा दोनदा वाचला. शून्य पॉइंट शून्य. ज्यांचं सुरुवातीला डी कमी होतं त्यांचं वेगळं काढून बघितलं तरी हाती काही लागलं नाही.

याच्या उलट काहीच नाही असंही नाही आणि ते न सांगणं बरोबर होणार नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांवर ३ महिन्यांची एक ट्रायल झाली, त्यात रोजच्या दर १००० आययू मागे वरचं बीपी साधारण १.४ पॉइंटनी उतरलं. त्यांच्यात डी खूप कमी असायचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे कदाचित तळाला गेलेल्यांना थोडा फायदा होत असेल. २०१४ मध्ये जनुकांवरचा एक मोठा अभ्यास आला, ज्यांचं डी जन्मजात जरा जास्त असतं त्यांच्यात बीपीचं प्रमाण किंचित कमी दिसलं. मग मोठा प्रश्न राहिला की बीपी जाऊ दे, हार्ट ॲटॅक तरी कमी होतात का. त्याचं उत्तर व्हायटल ट्रायलने दिलं, २५,८७१ लोक, रोज २००० आययू, ५ वर्षांहून जास्त काळ. हार्ट ॲटॅक, स्ट्रोक यात फरक नाही. एवढ्या मोठ्या ट्रायलनंतर "डी ने हृदय वाचतं" असं बाटलीवर छापणाऱ्यांनी खरंतर विचार करायला हवा.

मग डी कमी आणि बीपी जास्त हे दोघं एकत्र का दिसतात? माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हे आहे आणि तेच कोणी सांगत नाही. वजन जास्त असलं की डी चरबीत अडकून राहतं आणि रक्तात कमी दिसतं, आणि वजनाने बीपी तर वाढतंच. दिवसभर खुर्चीत बसून काम, बाहेर चालणं नाही, म्हणजे ऊन नाही आणि व्यायामही नाही. वय वाढलं की कातडी डी कमी बनवते आणि रक्तवाहिन्या कडक होतात. किडनी कमजोर झाली की डी चं ॲक्टिव्ह रूप बनत नाही आणि बीपी पण चढतं. थंडीत ऊन कमी आणि थंडीने रक्तवाहिन्या आवळून बीपी पण वरच. बघा ना, प्रत्येक वेळी तिसरंच कोणीतरी आहे जे एका हाताने डी खाली ओढतंय आणि दुसऱ्या हाताने बीपी वर ढकलतंय. कमी डी हे बहुतेक वेळा त्या सगळ्याची खूण असते. गोळी घेऊन आपण ती खूण पुसतो, वजन, बैठं काम, किडनी हे जिथल्या तिथेच राहतं.

उन्हाची गोष्ट अजून वेगळी आहे. २०१४ मध्ये एक प्रयोग आला त्यात दिसलं की यूव्हीए किरण अंगावर पडले की कातडीत साठलेल्या पदार्थांतून नायट्रिक ऑक्साइड रक्तात येतं, त्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी थोडा वेळ उतरतं, आणि यात डी चा काही संबंध नाही, डी तसंच राहिलं. नंतर अमेरिकेतल्या डायलिसिसच्या साडेतीन लाखांच्या आसपास पेशंटचं बीपी आणि त्यांच्याकडचं ऊन जुळवून पाहिलं, तिथेही जास्त ऊन तिथे बीपी कमी असं दिसलं, हवेचं तापमान लक्षात घेऊनसुद्धा. म्हणजे उन्हाचा फायदा असेलही, पण तो कॅप्सूलमध्ये भरता येत नाहीये. याचा अर्थ भर दुपारी कातडी भाजून घ्या असा नाही, कातडीच्या कॅन्सरची भीती खरी आहे. पण सकाळचा फेरफटका बाहेर मारा, बंद खिडकीच्या काचेआडून ऊन घेऊन डी बनत नाही कारण काच यूव्हीबी अडवते.

आता माझं स्वतःचं बीपी. डी रेंजमध्ये आलं तरी घरच्या मशीनवरचे आकडे होते तिथेच होते. उतरले ते कधी, तर गोळी नीट वेळेवर घ्यायला लागल्यावर आणि मीठ खरोखर कमी केल्यावर. बीपीची एक साधी गोळी वरचं बीपी सरासरी ८-९ पॉइंटनी उतरवते, मीठ निम्म्यावर आणलं तर बीपीवाल्यांमध्ये साधारण ५ पॉइंट, एक किलो वजन उतरलं की साधारण १ पॉइंट. आणि वरचं बीपी १० पॉइंटनी उतरलं तर हार्ट-स्ट्रोकच्या मोठ्या घटना साधारण २० टक्क्यांनी कमी होतात. हे आकडे एका बाजूला आणि डी चा तो ०.० दुसऱ्या बाजूला ठेवा.

मग लोकांचं बीपी गोळीनंतर खाली कसं दिसतं? मशीन कसं लावलं यावरच खूप काही असतं. माझी मावशी मोजताना मी शेजारी बसून बघितलं. जिना चढून आली, लगेच पट्टा बांधला, तोही ब्लाउजच्या बाहीवरून, पायावर पाय, हात मांडीवर लोंबकळत आणि तोंडाने माझ्याशी गप्पा चालू. आकडा आला १५८. म्हटलं मावशी, आता माझं ऐक. पाठ टेकवून बसवली, पाय जमिनीवर सपाट, बाही वर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, ५ मिनिटं गप्प. मग १ मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजलं तर १४२ आणि १३९. त्याच बाईचं, त्याच सकाळी, गोळी-बिळी काही न घेता. पहिला आकडा डी सुरू करायच्या आधी आणि दुसरा नंतर असता तर तिनेही पाच स्टार दिले असते ना? शिवाय माणूस गोळी सुरू करतो ती आकडा सगळ्यात वर गेलेला असताना, आणि तसा वर गेलेला आकडा पुढच्या वेळी आपोआपच जरा खाली येतो. आणि त्याच काळात माणूस घाबरून चालायला पण लागलेला असतो, लोणचं-पापड पण बंद केलेलं असतं. श्रेय मात्र बाटलीला. म्हणूनच रिकामी गोळी दिलेल्या गटाची गरज लागते, ट्रायलमध्ये त्यांचं बीपीही थोडं उतरतंच.

त्याच मावशीने मग विषय काढला.

"अगं पण डी वाढलं की बीपीची गोळी बंद करता येते म्हणे."

"कोण म्हणालं मावशी? डॉक्टर म्हणाले?"

"नाही गं, त्या बाटलीखाली लोकांनी लिहिलंय की! मी कालपासून एकाआड एक दिवस केलीय."

मला खरंच धस्स झालं. आणि मग तिच्या औषधांची पिशवी बघितली तर अजून एक गोष्ट निघाली जी मला या रिव्ह्यूमधली सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिच्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टनबरोबर हायड्रोक्लोरोथायझाइड पण होतं, ही लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी गोळी. या थायझाइड जातीच्या गोळ्या, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड त्यातच येतात, शरीरातलं कॅल्शियम लघवीतून कमी जाऊ देतात. त्यावर मावशी घेत होती कॅल्शियमची गोळी ज्यात डी३ आधीच आहे, आणि त्यावर मनानेच आठवड्याची ६०,००० ची कॅप्सूल. डी आतड्यातून कॅल्शियम जास्त शोषतं, थायझाइड ते बाहेर जाऊ देत नाही, आणि वर गोळीतलं कॅल्शियम वेगळं. तिला तहान लागत होती, पोट साफ होत नव्हतं, थकवा होता आणि ती म्हणत होती वय झालं. डॉक्टरांनी रक्तातलं कॅल्शियम तपासलं तर वरच्या काठाला टेकलेलं. त्यांनी ती कॅप्सूल थांबवली, बीपीची गोळी रोज सुरू केली आणि काही आठवड्यांनी परत तपासायला सांगितलं. रक्तात कॅल्शियम फार वाढलं तर रक्तवाहिन्या आवळून बीपी उलट वाढू शकतं, किडनीत स्टोन होतात, किडनीला मार बसतो, माणूस गोंधळल्यासारखा वागतो. डिगॉक्सिन घेणाऱ्या हार्ट पेशंटना तर ठोके बिघडायचा धोका असतो. म्हणजे बीपी उतरवायला म्हणून घेतलेली गोळी जास्त झाली तर बीपी चढवू शकते, आणि हे मी एकाही बाटलीखालच्या रिव्ह्यूमध्ये वाचलेलं नाही.

जास्त घेतलं तर जास्त फायदा, हाही गैरसमज काढून टाका. वयस्कर बायकांना वर्षातून एकदा एकदम ५ लाख आययू दिलेली एक ट्रायल २०१० मध्ये आली होती, हाडं मजबूत व्हावीत म्हणून दिलं होतं, झालं उलटं, पडणं आणि फ्रॅक्चर दोन्ही वाढलं.

टेस्टबद्दल थोडंसं. २० च्या खाली म्हणजे कमी, यावर बऱ्यापैकी एकमत आहे. ३० हा आकडा जो बऱ्याच रिपोर्टवर नॉर्मलची खालची सीमा म्हणून छापलेला असतो तो एंडोक्राइन सोसायटी या हॉर्मोनतज्ज्ञ डॉक्टरांच्या संस्थेच्या २०११ च्या गाइडलाइनमधला, आणि २०२४ च्या नव्या गाइडलाइनमध्ये त्यांनीच तो पुढे नेलेला नाही, उलट ज्यांना काही त्रास नाही अशा निरोगी मोठ्या माणसांनी सरसकट ही टेस्ट करू नये असं सांगितलंय. म्हणजे २६ आलं म्हणून घाबरून लाखांचे डोस घ्यायची गरज नाही. दुसऱ्या देशातला रिपोर्ट नॅनोमोलमध्ये असेल तर त्याला २.५ ने भागा, ५० नॅनोमोल म्हणजे आपलं २०.

मग ही गोळी कोणी घ्यावी? ज्यांचं डी खरोखर कमी आलंय, जे बाहेर पडूच शकत नाहीत, ७५ च्या पुढचे, गरोदर बायका, हाडं ठिसूळ असलेले, यांनी डॉक्टरांना विचारून जरूर घ्यावी, बीपी असलं तरी घ्यावी. बीपीवाल्यांनी घेण्याआधी आपल्या बीपीच्या गोळीच्या पाकिटामागची नावं वाचावीत आणि त्यात थायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड दिसलं तर डॉक्टरांना सांगावं, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघून मगच डोस ठरवावा. किडनी स्टोन होऊन गेला असेल तर तेही सांगावं. आणि गोळी चालू असताना बीपी उतरलंय असं वाटलं तर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ नीट बसून मोजावं, लिहून काढावं, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढून डॉक्टरांसमोर ठेवावी. घरी मोजताना १३५/८५ च्या वर म्हणजे जास्तच धरतात. गोळी कमी करायची की नाही ते त्यांनी त्या कागदावरून ठरवावं.

मी आता रोजच्या छोट्या डोसची सॉफ्टजेल घेते, दुपारच्या जेवणानंतर, आणि बीपीची गोळी सकाळी, वेगळ्या डबीत. परत विकत घेणार का, तर हो, डी साठी. मावशीला पण सध्या तिच्या कॅल्शियमच्या गोळीतलं डी पुरेसं आहे असं डॉक्टर म्हणालेत, पुढचा रिपोर्ट आला की इथेच खाली लिहीन. कोणाच्या घरी थायझाइड आणि ६०,००० वाली कॅप्सूल दोन्ही चालू असेल तर आज फोन करून डॉक्टरांना विचारा.